राखणदाराचा धर्म



मागील भाद्रपदात शहादे तालुक्यात, गोमाई नदीच्या वरल्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका गावी हरिनाम सप्ताहात कीर्तनसेवेचा योग आला. निरूपणाचा विषय भूतदया हा होता. कीर्तन यथासांग झाले, आरती झाली, मंडळी प्रसादाला बसली. तेवढ्यात पन्नाशीकडे झुकलेला एक माळकरी शेतकरी जवळ येऊन बसला. कपाळी बुक्का, अंगावर धुवट सदरा, डोळ्यांत मात्र जागरणाची लाली. म्हणाला, "महाराज, एक विचारू का? रागावू नका."

मी म्हटले, "विचारा ना, भाऊ."

"दोन एकर मका केला होता. कणीस दुधात आलं होतं. परवा रात्री डुकरांचा कळप शिरला. सकाळी जाऊन बघतो तर अर्ध्या एकराचा नुसता चिखल. खाल्लं थोडं, लोळवलं जास्त. आता तुम्ही आज दयेवर बोललात. मी माळकरी. डुक्कर मारलं तर माळ तुटते, नाही मारलं तर घर तुटतं. तुम्ही सांगा, कोणतं तुटू देऊ?"

मी आपला कीर्तनकाराच्या सवयीने पटकन उत्तर देऊन मोकळा झालो. श्रीतुकोबारायांच्या चरित्रातली ती कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. शेताच्या राखणीवर बसले असता पाखरे दाणे टिपू लागली, महाराजांनी ती हाकलली नाहीत, आणि शेवटी देवाने रास भरून दिली. तीच कथा मी सांगितली. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "महाराज, तुकोबांनी राखलं ते दुसऱ्याचं शेत होतं, आणि पाखरांनी खाल्लं त्याचा भार त्यांनी आपल्या माथ्यावर घेतला. तुम्ही माझं शेत डुकरांना सोडा म्हणता, तर त्याचा भार कोण घेणार? सोसायटीचं कर्ज काय तुम्ही फेडणार?"

पंगतीतली दोन-चार माणसे हसली. मला हसू आले नाही. मी म्हटले, "भाऊ, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायची माझी आज तयारी नाही. विचार करून सांगेन." तो विचार येथे मांडीत आहे. यात एक माझ्या स्वतःच्या अपराधाचीही गोष्ट आहे. ती योग्य ठिकाणी सांगेन, लपविणार नाही.

आधी हे डुक्कर म्हणजे काय ते पाहू. ज्या देहाला आपण नाक मुरडतो तो देह प्रत्यक्ष भगवंताने धारण केला. हिरण्याक्षाने पृथ्वी रसातळाला नेली, तेव्हा ती वर काढण्याकरिता श्रीविष्णूने वराहरूप घेतले. सिंहाचे नाही, हत्तीचे नाही, वराहाचे घेतले. कारण खाली गेलेली माती सुळ्यावर उचलून वर आणणे हे त्याच प्राण्याचे काम. म्हणून पहिली गोष्ट ही, की या जीवाचा द्वेष करू नये. तो माती उकरतो तो त्याचा स्वभाव आहे, तुमच्याशी त्याचे वैर नाही. कंद, मुळे, किडे, पडलेली फळे हे त्याचे अन्न. दिवसा झाडीत पडून राहायचे आणि रात्री नाकाच्या अनुरोधाने निघायचे, हा त्याचा क्रम.

मग हा आपल्या मक्यात का येतो? याचे उत्तर आपल्यालाही थोडे चिकटते. डोंगरावरची झाडी विरळ झाली. वाघ या बाजूला दिसेनासा झाला. बिबट्या तेवढा राहिला. खाली तापीच्या आणि गोमाईच्या काठाने ऊस, केळी, पपई यांचे मळे वाढले. उसाचे शेत म्हणजे डुकराला घर, सावली, पाणी आणि जेवण सगळे एकाच जागी. मादी चार महिन्यांच्या आतच वीते आणि एका वेताला चार-सहा पिले सहज होतात. अशा प्राण्याला आपण बारमाही निवारा दिला, तर तो वाढणारच. त्याला कोणी आमंत्रण दिले असे विचाराल, तर थोडे आपणच दिले.

असो. कारण कळले म्हणून भूक भागत नाही. आता मुख्य प्रश्नाकडे येऊ.

येथे दोन पक्ष उभे राहतात. पहिला म्हणतो, जीव मारणे हे पापच, त्याला अपवाद नाही, शेत गेले तरी चालेल. दुसरा म्हणतो, जो उपद्रव देतो तो मारावा, कसाही मारावा, त्यात विचार कसला? सज्जनहो, पहिला पक्ष बहुतकरून ज्याचे शेत नाही तो मांडतो. मीही त्या रात्री तोच मांडला. दुसरा पक्ष ज्याचे शेत गेले तो रागाच्या भरात मांडतो. शास्त्र या दोहोंच्या मधून जाते. शास्त्राने गृहस्थाला निष्पाप मानलेले नाही. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून रोज जीव मरतात, असे धर्मशास्त्र सांगते. त्याला पंचसूना म्हणतात. पण म्हणून चूल पेटवू नको असे शास्त्र म्हणाले नाही. ते म्हणाले, हे घडते हे लक्षात ठेव, जेवढे टाळता येईल तेवढे टाळ, आणि जे टळत नाही त्यापायी रोज पंचमहायज्ञ कर: देवाला, पितरांना, ऋषींना, अतिथीला आणि मुक्या जीवांना त्यांचा वाटा दे. नांगर धरणाऱ्याच्या हातून किती किडा-मुंगी मरते! तरी शेतकऱ्याला आपण अन्नदाता म्हणतो. तात्पर्य, टाळता न येणारी हिंसा आणि बेपर्वा हिंसा यांत शास्त्राने भेद केला आहे. तो भेद करणारी जी रेषा, तिचे नाव मर्यादा.

शिकारीलाही मर्यादा आहे, आणि ती आजची नाही. आपल्या पुराण-इतिहासातल्या चार कथा घ्या. चारही शिकारीच्या आहेत, आणि चारही मर्यादेच्या आहेत.

पहिली पंडुराजाची. त्याने वनात मृगाची जोडी रतिकाळी असताना बाण मारला. तो मृग म्हणजे किंदम ऋषी होता. मरता मरता तो जे बोलला ते ध्यानात घेण्यासारखे आहे. राजाने मृग मारला याबद्दल त्याची तक्रार नव्हती. राजाने वेळ पाहिली नाही, थांबला नाही, याबद्दल होती. पंडूला शाप मिळाला तो शिकारीचा नव्हे, अवेळी केलेल्या शिकारीचा. पुढे साहेबलोक घोड्यावर बसून भाल्याने डुकराची शिकार करीत, त्यांनीसुद्धा मादीला भाला मारायचा नाही हा दंडक ठेवला होता. पोटात पिले किंवा मागे पिले असलेल्या मादीला मारणे हे शिकाऱ्यालाही कमीपणाचे, मग शेतकऱ्याला कसे शोभेल?

दुसरी दशरथाची. शरयूच्या काठी अंधारात घागर भरल्याचा आवाज झाला. राजाला वाटले हत्ती पाणी पितो आहे. डोळ्यांनी न पाहता केवळ शब्दावर बाण सोडला, आणि आंधळ्या आईबापांचा एकुलता आधार गेला. ही कथा जुनी झाली असे समजू नका. २०२५ सालच्या आरंभी पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. अंधुकात हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी घातली, आणि ती लागली आपल्याच गावच्या माणसाला. त्याचा प्राण गेला. भीतीपोटी ही गोष्ट काही दिवस दडवून ठेवली गेली, आणि मग व्हायचे तेच झाले. दशरथाने निदान आंधळ्या आईबापांपुढे जाऊन आपल्या तोंडाने अपराध सांगितला होता.

तिसरी अर्जुनाची. तो तप करीत असता मूक नावाचा दानव वराहाचे रूप घेऊन त्याच्यावर धावला. अर्जुनाने बाण मारला. त्याच क्षणी एका किराताने, म्हणजे रानातल्या शिकाऱ्याने, बाण मारला. वराह पडला आणि भांडण लागले: शिकार कोणाची? भारवीने याच प्रसंगावर अठरा सर्गांचे किरातार्जुनीय महाकाव्य रचले. शेवटी कळले की तो किरात म्हणजे प्रत्यक्ष महादेव. येथे दोन गोष्टी शिकायच्या. अर्जुनाने बाण मारला तो अंगावर धावून आलेल्यावर; हा स्वसंरक्षणाचा अधिकार. आणि 'माझी शिकार, माझी शिकार' हा अहंकार अर्जुनालाही भोवला. पडलेला जीव आपल्या मालकीचा नव्हे.

चौथी दुष्यंताची. हरिणाच्या मागे धावता धावता तो कण्वाच्या आश्रमाच्या सीमेवर पोहोचला. तपस्वी आडवा आला, हे आश्रमाचे हरीण आहे म्हणाला. राजाने, चक्रवर्ती राजाने, एका वल्कलधारी माणसाच्या शब्दावर धनुष्याचा बाण उतरविला. का? तर जागेची मर्यादा राजालाही आहे.

वेळ पाहा, पाहिल्याशिवाय मारू नका, पडलेल्या जिवावर हक्क सांगू नका, जागा पाहा. आता गंमत अशी, की आजचा सरकारी कायदा वाचला तर याच चार गोष्टी त्यात वेगळ्या शब्दांत सापडतात. पुष्कळ मंडळी मला म्हणाली, "महाराज, कीर्तनात कायदा कशाला?" पण ज्या अज्ञानाने माणूस तुरुंगात जातो, ते अज्ञान दूर करणे हीही सेवाच आहे. म्हणून जेवढे मला नीट ठाऊक आहे तेवढे सांगतो.

देशात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे. २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तीनुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येते, म्हणजे ते संरक्षित आहे. आपल्या शेतात आले म्हणून ते आपल्या मर्जीने मारता येत नाही. आणि शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फास लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हाकून कोंडणे, एवढेच काय, तसा नुसता प्रयत्न करणे यालाही कायदा शिकारच म्हणतो. अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

पण कायदा शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडीत नाही. त्याच अधिनियमाच्या ११ व्या कलमात सांगितले आहे, की असा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोक्याचा झाला, तर अधिकारी लेखी कारण नोंदवून त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही यांच्या उपद्रवाबाबत शासननिर्णय काढून ही रीत सोपी केली. अर्ज आपल्या वनक्षेत्रपालाकडे, ज्याला आपण रेंजरसाहेब म्हणतो त्याच्याकडे द्यायचा. आपल्या जिल्ह्यात नंदुरबार आणि मेवासी असे वनविभाग आहेत. आपले गाव कोणत्या विभागाच्या कोणत्या क्षेत्रात येते हे तलाठ्याला किंवा वनरक्षकाला विचारले तर कळते. परवानगी मिळाली तरी ती उपद्रव झालेल्या शेतापुरती. रानात शिरून पाठलाग करण्याची नव्हे. अभयारण्यात तर मुळीच नाही. मग ते धुळ्याकडचे अनेर असो, जळगावकडचे यावल असो, की अक्कलकुव्याच्या पलीकडे गुजरातेतले शूलपाणेश्वर असो. बंदूक असेल ती परवान्याचीच हवी. आणि मेलेला प्राणी सरकारचा; त्याचा पंचनामा व्हायचा, मांसाचे वाटे पडायचे नाहीत.

अंगावर धावून आलेल्या प्राण्यापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना तो मारला गेला, तर तो गुन्हा नव्हे. मात्र आपण आधीच गुन्हा करायला गेलेलो नसलो पाहिजे. अर्जुनाला जे माफ, ते आपल्यालाही माफ.

काही जण विचारतात, केंद्र सरकार डुकराला 'उपद्रवी' ठरवून मोकळीक का देत नाही? ६२ व्या कलमाने तसे करता येते, ठरावीक प्रदेशापुरते आणि ठरावीक काळापुरते. बिहारात २०१५ च्या अखेरीस आणि उत्तराखंडात २०१६ साली तसे केलेही होते. त्या वर्षी त्यावरून देशभर मोठा वाद झाला, दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांत जुंपली. त्या वादात आपण पडायचे नाही. एवढेच ध्यानात घ्यायचे, की आपल्या गावाला अशी मोकळीक मिळालेली नाही, आणि कोणी तोंडी सांगितले म्हणून ती मिळत नसते.

आमच्या डोंगरातल्या आदिवासी बांधवांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याने कसत असलेल्या जमिनीवर आणि रानातल्या गौण उपजावर हक्क दिला. पण शिकारीचा हक्क त्याच कायद्याने स्पष्ट वगळला आहे. पट्टा मिळाला म्हणजे शिकारही आली, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

आणि सपाटीवरल्या मंडळींनाही एक विनंती आहे. डुकराची गोष्ट निघाली की 'ते भिल्ल मारतात' म्हणून बोट दाखवायची सवय सोडा. याच तळोदे तालुक्यात गुलाम महाराजांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा असा उपदेश केला, आणि हजारो आदिवासींनी तो मानला. त्यांच्या पंथाची माणसे आजही एकमेकांना 'आप की जय' म्हणतात. शिवाय एकलव्य कोणाचा? निषादांचा. त्याने भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण असे बसविले, की तोंड तेवढे बंद झाले. कुत्रे आपल्या पायांनी चालत पांडवांकडे गेले, आणि ते कौशल्य पाहून अर्जुन थक्क झाला. जीव न घेता उपद्रव थांबविणे ही विद्या एका रानातल्या पोराने दाखविली.

आता माझ्या अपराधाची गोष्ट.

पुष्कळ वर्षे झाली. गावाचे नाव सांगत नाही, माणसांचीही सांगत नाही. माझ्या कीर्तनात मृदंगाची साथ करणारा एक तरुण होता. हात असा गोड, की नुसता ठेका धरला तरी श्रोते डोलत. त्याच गावात दिंडीत चालणाऱ्या एका माळकऱ्याच्या घरी मी उतरत असे. एकदा संध्याकाळी त्याच्याबरोबर शेताकडे गेलो, तर बांधाच्या कडेने जमिनीपासून वीतभर उंचीवर एक उघडी तार ओढलेली दिसली. मी विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "डुकरांसाठी, महाराज. रात्री करंट सोडतो, पहाटे काढतो." मला ते बरे वाटले नाही. पण मी त्याच्या घरी जेवलो होतो, रात्री पुन्हा त्याच्याच घरी जेवायचे होते. मी म्हटले, "सांभाळून रे बाबा." एवढेच म्हटले आणि पुढे चालू लागलो.

पुढे महिन्याभराने निरोप आला. रात्री वीज आली म्हणून तो मृदंगवाला पोर मोटार सुरू करायला बांधाबांधाने निघाला होता. तार त्याला दिसली नाही. पहाटे बापाला सापडला.

ज्याने तार लावली त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला. दोन घरे बुडाली. तार लावणाराही माझाच श्रोता, मेला तोही माझाच. आणि मी? मी त्या बांधावर उभा होतो. त्या दिवशी मी खडसावून सांगितले असते, 'ही तार काढल्याशिवाय तुझ्या घरी पाणी पिणार नाही' असे म्हटले असते, तर कदाचित ती निघाली असती. मी भूतदयेवर तास तास बोललो, आणि जेथे एक वाक्य बोलायचे होते तेथे भिडेपोटी गप्प बसलो. कोर्टाने मला बोलावले नाही. पण पांडुरंगासमोर उभा राहतो तेव्हा ती वीतभर उंचीची तार मला दिसते.

म्हणून सज्जनहो, मी माझे मत स्पष्ट सांगतो. परवाना घेऊन, डोळ्यांनी पाहून, पंचांसमक्ष डुक्कर मारणे हे दुःखाचे काम आहे, पण त्याला मर्यादा आहे. उघड्या तारेत करंट सोडणे, कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवणे, फास लावणे, विष घालणे यांना मर्यादाच नाही. बंदूक धरणारा निदान समोर पाहतो. तार पाहत नाही. डुक्कर आले तर डुक्कर, गाय आली तर गाय, बिबट्या आला तर बिबट्या, शेजाऱ्याचा पोर आला तर पोर. दशरथाने शब्द तरी ऐकला होता. तार लावणारा घरी झोपलेला असतो. ही हिंसा पंचसूनेत बसत नाही, स्वसंरक्षणात बसत नाही, आणि राखणीतही बसत नाही. माझ्या मते माळ तुटते ती येथे.

मग करायचे काय? क्रम सांगतो.

पहिली जागल. आपल्या वाडवडिलांनी माळ्यावर बसून, गोफण हाती घेऊन, डबे वाजवून पिके राखली. आज एकेकट्याला ते झेपत नाही, हे खरे. पण डुकराचे कान आणि नाक तीक्ष्ण असते. माणसाची चाहूल, उजेड आणि आवाज त्याला नकोसा असतो. एकादशीला आपण रात्रभर जागतोच ना? मग कणीस भरते त्या महिन्यात भजनी मंडळाने आळीपाळीने शिवारात जागर केला, तर काय बिघडेल? टाळ देवळात वाजला काय आणि बांधावर वाजला काय, ऐकणारा एकच. मात्र एकट्याने अंधारात कळपापुढे जाऊ नये. जखमी डुक्कर किंवा पिलांची आई माणसाला फाडते.

दुसरे कुंपण. सौरशक्तीवर चालणारे जे कुंपण येते, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, त्याचा झटका क्षणभराचा असतो. तो जनावराला दूर लोटतो, मारीत नाही. एकलव्याची विद्या ती हीच. पण त्याचे यंत्र योग्य तेच घ्यावे, आणि घरच्या विजेची तार त्याला कधीही जोडू नये. जोडली की पुन्हा तीच यमाची तार झाली. यासाठी शासनाचे अनुदान आपल्या गावाला लागू आहे का, ते वनखात्यात विचारावे.

तिसरा पंचनामा. नुकसान झाले की रडत बसू नये, आणि रागाने हत्यारही उचलू नये. तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा. नुकसान पाहणी होईपर्यंत शेत तसेच ठेवावे, फोटो काढून ठेवावेत. भरपाई पुरी पडत नाही, उशिरा मिळते, ही तक्रार मी गावोगाव ऐकतो. तरी अर्ज द्यावाच. अर्ज न देणाऱ्याचे नुकसान सरकारदरबारी झालेलेच नसते.

चौथा, आणि शेवटचा, परवाना. वरील तिन्ही करूनही कळप हटत नसेल तर गावाने मिळून अर्ज करावा, लपूनछपून काही करू नये. कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या हातून मारविले म्हणजे माळकऱ्याचे पाप गेले का? नाही. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. अर्जावर सही करणाऱ्यालाही त्याचा वाटा आहे. पण ज्याने आधी जागून पाहिले, कुंपण करून पाहिले, सोसून पाहिले, आणि मग पोरांच्या तोंडच्या घासासाठी जड मनाने सही केली, त्याचा तो वाटा पांडुरंग चुलीतल्या किड्या-मुंगीच्या हिशेबात धरील, असा माझा विश्वास आहे. त्याने स्वतः बंदूक धरू नये, मांस शिवू नये, त्याचा डांगोरा पिटू नये. आणि त्या वर्षीच्या राशीतून मुक्या जीवांसाठी थोडा वाटा काढावा.

सगळीच डुकरे मारून टाका असेही कोणी म्हणू नये. बिबट्याचे ते भक्ष्य आहे. त्याचे रानातले ताट रिकामे झाले, तर तो आपल्या गोठ्याकडे वळेल.

त्या शेतकऱ्याला मी हे सारे जाऊन सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "महाराज, जागलीला तुम्ही याल का?" हा त्याचा दुसरा प्रश्न. या वेळी मी पटकन उत्तर दिले, कारण उत्तर एकच होते. आश्विनात मी चार रात्री त्याच्या बांधावर काढल्या. वयपरत्वे गुडघे धरले. सहा-सात मंडळी टाळ घेऊन आली. दोन रात्री कळप शिवाराबाहेरूनच परतला. तिसऱ्या रात्री पाऊस आला, आम्ही देवळात गेलो, आणि तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यातला मका गेला. तो भाऊ सकाळी तो कोपरा पाहून आला आणि म्हणाला, "गेला तो गेला. राहिला तो कापून घेऊ." कापणीनंतर त्याने झटका मशीनसाठी शेजारच्या चार जणांना एकत्र केले. आणि शेजाऱ्याच्या बांधावर गुंडाळून ठेवलेली एक जुनी तार होती, ती त्याने मागून घेतली आणि घरी नेऊन कपडे वाळत घालायला बांधली. ते पाहून मला जे वाटले ते लिहिता येत नाही.

वाचकहो, आपल्या गावात, आपल्या दिंडीत, आपल्या पंगतीत कोणी असा करंट सोडीत असेल, तर भीड धरू नका. आजच जा, त्याच्या दारात उभे राहा, आणि तार निघेपर्यंत पाणी पिऊ नका. मी जे केले नाही ते तुम्ही करा. माझ्या कीर्तनाची बिदागी मला त्यात पावली.

राम कृष्ण हरी.